कॉम्प्युटरचा पहिला पेपर: घरचा हिशेब घेऊन लॅबमध्ये बसा

बारावीनंतर अलिबाग, चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ इथल्या कुठल्याही कॉलेजात बी.कॉम. किंवा बी.ए.ला प्रवेश घेतलात, तर पहिल्या वर्षी कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशनचा एखादा पेपर वाट्याला येण्याची शक्यता मोठी आहे. कुठे तो सक्तीचा असतो, कुठे निवडीचा. नाव थोडं बदलतं, पण आत साधारण तेच असतं: संगणकाची ओळख, विंडोज, वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट, डेटाबेसची तोंडओळख आणि इंटरनेट.

गावाकडून येणाऱ्या बहुतेक मुलामुलींचा हात मोबाइलवर बसलेला असतो आणि कीबोर्डला मात्र पहिल्यांदाच लागतो. मग नोट्स झेरॉक्स करून पाठ करायच्या, जर्नल मैत्रिणीचं बघून उतरवायचं, असं सुरू होतं. असा पेपर सुटतो, पण हातात काही येत नाही. माझा आग्रह एकच आहे. पहिल्याच आठवड्यात घरातला एक खरा हिशेब निवडा आणि पुढचं सगळं सेमिस्टर त्याच्यावर शिका. आंब्याची पट्टी, काजू बीची विक्री, आईच्या बचत गटाचं कोकम आगळ, रापणीचे वाटे, घरच्या दोन खोल्यांत उतरणारे पर्यटक, काहीही चालेल. हिशेब खरा असला की उत्तर चुकलेलं आपल्याला कळतं, कारण खरा आकडा बाबांच्या वहीत लिहिलेला असतो.

आधी वेळापत्रक आणि क्रेडिट बघा

नव्या शैक्षणिक धोरणानुसार एक क्रेडिट म्हणजे १५ तास थिअरी किंवा ३० तास प्रॅक्टिकल. तुमच्या पेपराची क्रेडिटं कशी विभागली आहेत ते विभागात विचारून घ्या. प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट असेल तर सेमिस्टरभरात मशीनसमोर ३० तासच मिळणार. त्यातले काही लाईट जाण्यात, काही मशीन बंद असण्यात जातील. म्हणून लॅब मोकळी कधी असते ते लॅब असिस्टंटना पहिल्याच दिवशी विचारा. तुमची एसटी दुपारी उशिरा असेल, तर मधला वेळ स्टँडवर घालवण्यापेक्षा लॅबमध्ये घालवा. रोज येणाऱ्या मुलाला लॅबवाले स्वतःहून मशीन काढून देतात, हा सगळीकडचा अनुभव आहे.

लगेच लॅपटॉप घ्यायलाच हवा असं नाही. या पेपरापुरतं लॅबचं मशीन पुरतं. घरी जुना संगणक असेल तर त्यावर लिबर ऑफिस टाकून घ्या. ते फुकट आहे, कायदेशीर आहे आणि कमी ताकदीच्या मशीनवरही चालतं. फक्त कॉलेजात फाइल द्यायची असेल तेव्हा ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये जाऊन एक्सेलचा किंवा वर्डचा प्रकार निवडा, नाहीतर तिथे मांडणी हलू शकते. मोबाइलवर गूगल शीट्स आहेच. गावात रेंज नसेल आणि सड्यावर जाऊनच नेट मिळत असेल, तर फाइल आधीच ‘ऑफलाइन उपलब्ध’ करून ठेवा. घरी बसून काम करता येतं आणि रेंजमध्ये आलात की ती आपोआप जुळते.

पहिल्या प्रॅक्टिकलला शिकायची गोष्ट: सेव्ह

आपल्याकडे कॉलेज सुरू होतं तेच पावसाबरोबर. जून-जुलैत लाईट जाणं नेहमीचं. यूपीएस प्रत्येक मशीनला असेलच असं नाही, आणि असला तरी त्याची बॅटरी दमलेली असू शकते. वर्ड आणि एक्सेल दर १० मिनिटांनी फाइलची एक तात्पुरती प्रत ठेवतात, पण १० मिनिटांत दोन पानं टाइप होतात. तेव्हा नवी फाइल उघडल्या उघडल्या, एक अक्षरही टाइप करण्याआधी, कंट्रोल आणि एस दाबून तिला नाव द्या. मग प्रत्येक परिच्छेदानंतर तेच दोन बटण.

नाव देतानाही शिस्त हवी. रोल नंबर, विषय, तारीख. ‘न्यू १’, ‘फायनल’, ‘फायनल खरी’ अशा नावांच्या फाइलींत सबमिशनच्या दिवशी आपलीच फाइल सापडत नाही. बऱ्याच लॅबमध्ये संगणक बंद केला की त्या दिवशीचं सगळं पुसलं जाईल अशी सोय केलेली असते, म्हणून फाइल स्वतःच्या गूगल ड्राइव्हवर चढवा किंवा स्वतःलाच मेल करा. पेन ड्राइव्ह जवळ ठेवा, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका. दहा मशीनला लागलेला पेन ड्राइव्ह व्हायरस घेऊन फिरतो, आणि काढताना ‘इजेक्ट’ न करता ओढला तर फाइल बिघडू शकते.

घरी मशीन असेल तर दोन गोष्टी सांभाळा. गडगडायला लागलं की प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. नेटची वायर येत असेल तर तीही काढा. आणि समुद्रालगतच्या गावांत खारी, दमट हवा पितळ-लोखंड खाते तशी संगणकातल्या जोडण्याही खाते. महिनोन्‌महिने झाकून ठेवलेल्या लॅपटॉपपेक्षा रोज तासभर चालू होणारा लॅपटॉप पावसाळ्यात जास्त टिकतो.

बोटं आणि मराठी

कीबोर्डवर एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटा असतो. डाव्या आणि उजव्या हाताची तर्जनी तिथे ठेवायची आणि खाली न बघता टाइप करायचं. सुरुवातीला वेग अर्ध्यावर येतो, चिडचिड होते, पण रोज पंधरा-वीस मिनिटं दिली तर गणपतीच्या सुट्टीपर्यंत बोटं जागा ओळखू लागतात.

मराठीसाठी विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषेत जाऊन मराठी जोडा. मग विंडोज आणि स्पेस बार एकत्र दाबलं की इंग्रजी-मराठी बदलतं. दोन मांडण्या कामाच्या आहेत. फोनेटिकमध्ये उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरं टाइप करायची, लगेच जमतं. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला असतात, डी दाबला की हलन्त येतो. इन्स्क्रिप्ट शिकायला वेळ लागतो, पण मी तीच शिका असं सांगेन. तीच मांडणी हिंदी, गुजराती, कन्नड अशा बाकीच्या भारतीय भाषांनाही लागू होते, त्यामुळे ‘क’चं बटण सगळीकडे तेच राहतं.

जुन्या फॉन्टपासून मात्र लांब राहा. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की अगम्य चिन्हं दिसतात. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे, म्हणून ती फाइल दापोलीत टाइप करून दुबईतल्या काकांच्या फोनवर उघडली तरी तशीच वाचता येते.

थिअरीतला बिट आणि बाइटचा धडा इथेच समजून घ्या, म्हणजे वेगळा पाठ करावा लागणार नाही. ८ बिटांचा एक बाइट. इंग्रजी अक्षराला इंटरनेटवर नेहमी वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत १ बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला ३. ‘कोकण’ या शब्दात क, ओकाराची मात्रा, क आणि ण अशी चार चिन्हं, म्हणजे १२ बाइट. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं मावतात आणि मराठीची ७०, त्यामागेही हेच कारण आहे: देवनागरी चिन्हाला तिथेही जास्त जागा द्यावी लागते. वायवामध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत, हे उदाहरण दिलंत तर समोरच्या सरांना कळतं की या मुलाला धडा समजलाय.

संगणकाच्या पिढ्या एका बैठकीत होतात: व्हॅक्यूम ट्यूब, ट्रान्झिस्टर, इंटिग्रेटेड सर्किट, मायक्रोप्रोसेसर. त्यात आपल्याकडचं काही जोडा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेल्या संगणकाला १९६२ साली ‘टिफरॅक’ हे नाव मिळालं, आणि पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक केला.

एक्सेल: इथे मुक्काम करा

सगळ्या पेपरात जन्मभर उपयोगी पडणारा भाग हा आहे. अर्धा वेळ इथेच द्या.

आंब्याची पट्टी घेऊ. वाशीला माल गेला की तिथून पट्टी येते: किती पेट्या, काय दर, वाहतूक किती, हमाली किती, टक्क्यांत कपात असेल तर किती, आणि हाती काय. हे सगळं एका शीटवर मांडायचं. तिसऱ्या ओळीत मथळे द्या: ए रकान्यात तारीख, बीमध्ये पेट्या, सीमध्ये पेटीचा दर, डीमध्ये एकूण, ईमध्ये वाहतूक, एफमध्ये हमाली, जीमध्ये कपात, एचमध्ये हाती. कपातीची टक्केवारी बाजूला जे १ या घरात (सेलमध्ये) एकदाच लिहा. चौथ्या ओळीपासून माहिती भरा. सरावासाठी आकडे असे धरू: १२ पेट्या, दर १,८०० रुपये, वाहतूक १,०८०, हमाली १२०, कपात ८ टक्के.

डी ४ या घरात आकडा टाइप करायचा नाही, सूत्र लिहायचं: =बी४*सी४. (मशीनवर ही अक्षरं आणि अंक रोमनमध्येच टाइप करा.) उत्तर २१,६०० येईल. आता घराच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातला छोटा चौकोन धरून खाली ओढा. पुढच्या ओळीत सूत्र आपोआप =बी५*सी५ होतं. एक्सेल घराचं नाव लक्षात ठेवत नाही, ‘माझ्या डावीकडचं दुसरं घर’ असं नातं लक्षात ठेवतं. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं एक्सेल सोपं आहे. वर्गात घाईने पुढे सरकलं तरी तुम्ही इथे थांबा आणि दहा वेगवेगळ्या सूत्रांनी ओढून बघा.

कपातीचं सूत्र जी ४ मध्ये =डी४*जे१ असं लिहिलंत तर पहिल्या ओळीत १,७२८ बरोबर येतील. खाली ओढलंत की पाचव्या ओळीत ते =डी५*जे२ होईल. जे २ रिकामं आहे, एक्सेल रिकाम्या घराला शून्य धरतं, म्हणून कपात शून्य दिसेल आणि हाती आलेली रक्कम फुगेल. चूक असल्याचा कसलाही इशारा येत नाही. यासाठी डॉलरची चिन्हं लावायची: =डी४*$जे$१. डॉलर लावला की तो पत्ता ओढल्यावर हलत नाही. टाइप करताना एफ ४ बटण दाबलं की चिन्हं आपोआप लागतात, काही लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावं लागतं. मग एच ४ मध्ये =डी४-ई४-एफ४-जी४. हाती १८,६७२. ही संख्या आधी कागदावर काढा, मग पडद्याशी ताडून बघा.

टक्केवारी लिहिताना ८ च्या पुढे टक्क्याचं चिन्ह द्यायला विसरू नका. नुसते ८ लिहिलेत तर एक्सेल एकूण रकमेच्या आठपट कपात धरेल आणि बागायतदारच दलालाला पैसे देणं लागेल.

आता ज्या चुकांवर मुलांचे तास जातात त्या. आकड्याच्या घरात ‘१२ पेट्या’ किंवा ‘रु. १८००’ असं लिहिलंत की एक्सेलसाठी तो मजकूर झाला, त्याची बेरीज होणार नाही. ओळखायची खूण सोपी आहे: आपण काही न बदलता आकडा उजवीकडे चिकटतो आणि मजकूर डावीकडे. तारखेचंही तेच. मशीनची तारखेची मांडणी अमेरिकन असेल, म्हणजे महिना आधी, तर २५/०४ लिहिल्यावर ती डावीकडे चिकटेल, कारण पंचविसावा महिना नसतो. पण ०५/०४ लिहिलंत तर ५ एप्रिलऐवजी ४ मे नोंदवली जाईल आणि कुणाला कळणारही नाही. हंगामाच्या पट्ट्यांत एप्रिल-मे एकमेकांत मिसळले तर सगळा ताळेबंद गेला. म्हणून नव्या मशीनवर बसलात की आधी २५ तारखेची एक नोंद टाकून बघा.

घरात नुसती हॅश चिन्हांची रांग दिसली तर घाबरू नका, बहुतेक वेळा रकाना अरुंद आहे, रुंद करा. ‘#नेम?’ आलं तर सूत्राचं स्पेलिंग तपासा. ‘#रेफ!’ आलं तर सूत्र ज्या घरावर अवलंबून होतं ते घरच तुम्ही ओळ किंवा रकान्यासकट काढून टाकलंय, केलेलं मागे घ्यायला लगेच कंट्रोल आणि झेड.

पुढची पायरी सम-इफ, म्हणजे अट जुळेल तेवढ्याच ओळींची बेरीज. माल वाशीला, पुण्याला आणि कोल्हापूरला गेला असेल तर बाजाराच्या नावाचा एक रकाना वाढवा आणि कुठल्या बाजारातून एकूण किती हाती आले ते एका सूत्रात काढा. बाजाराचं नाव प्रत्येक वेळी अगदी सारखं लिहा. ‘वाशी’च्या मागे चुकून एक स्पेस पडली तर एक्सेलसाठी तो वेगळा बाजार. हे उत्तर घरी दाखवा. कुठे माल पाठवणं परवडतं यावर घरात बोलणं सुरू होतं, आणि हा पेपर कशासाठी आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

सॉर्ट करताना फक्त एक रकाना निवडून क्रम लावू नका. तारखा हलतील आणि रकमा जागच्या जागी राहतील. एक्सेल मध्येच विचारतं की शेजारचे रकानेही घेऊ का, तिथे हो म्हणा.

वायवाचा नेहमीचा प्रश्न: एका शीटवर किती ओळी? १०,४८,५७६. रकाने १६,३८४. रिकाम्या शीटवर कंट्रोल आणि खालचा बाण दाबून शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः जाऊन या.

वर्ड आणि मेल मर्ज

वर्डमध्ये मथळा मधोमध आणायला स्पेस बार दाबत बसू नका आणि नवं पान हवं म्हणून एंटर मारत सुटू नका. मथळ्याला स्टाइल द्या, नव्या पानासाठी कंट्रोल आणि एंटर. एवढ्याने फाइल नीट राहते आणि अनुक्रमणिका आपोआप तयार करता येते.

मेल मर्जसाठी गावचं काम हातात घ्या. शिमग्याच्या आधी ग्रामस्थ मंडळ मुंबईतल्या चाकरमान्यांना वर्गणीचं पत्र पाठवतं. मजकूर एक, पण नाव, वाडी, मागची बाकी प्रत्येकाची वेगळी. एक्सेलमध्ये नाव, वाडी, पत्ता, बाकी असे रकाने करा, पहिल्या ओळीत मथळे. वर्डमध्ये पत्र लिहा. मेलिंग्ज टॅबमधून ती एक्सेलची यादी जोडा, पत्रात जिथे नाव हवं तिथे नावाचं फील्ड टाका, मग प्रीव्ह्यू बघून सगळी पत्रं एका फटक्यात तयार करा. यादीत वर रिकामी ओळ ठेवू नका, फील्डं सापडत नाहीत. यादीतले पत्ते आणि फोन नंबर मंडळाच्या परवानगीशिवाय लॅबच्या मशीनवर सोडू नका, सरावाला खोटी नावं वापरा.

पॉवरपॉइंटला दोन तास पुरे. एका स्लाइडवर चार-पाच ओळी, मोठी अक्षरं, अक्षरं उडवण्याचे प्रकार नकोत. स्लाइड वाचून दाखवू नका, बोला.

डेटाबेसची एकच कल्पना

प्रायमरी की म्हणजे जिच्यावरून नेमकी एक आणि एकच नोंद सापडते ती गोष्ट. एका वाडीत एकाच नावाची आणि आडनावाची तीन माणसं असतात, म्हणून नाव प्रायमरी की होत नाही. कोकण रेल्वेच्या तिकिटावरचा १० अंकी पीएनआर बघा. डब्यात सावंत कितीही असले तरी त्या नंबरावरून तुमचंच आरक्षण उघडतं. हे समजलं की टेबल, रेकॉर्ड, फील्ड या व्याख्या जागेवर बसतात.

इंटरनेट: गुणांपेक्षा पैशाचा प्रश्न

ई-मेलमध्ये सीसी आणि बीसीसीचा फरक परीक्षेला येतोच: बीसीसीतली नावं बाकीच्यांना दिसत नाहीत. पण या धड्याचा खरा उपयोग घरी आहे. खोल्या भाड्याने देणाऱ्यांना ‘अ‍ॅडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असे फोन येतात. पैसे यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच. हे घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा, जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. मेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावा आणि लॅबमधून उठताना लॉगआउट करा.

जर्नल, परीक्षा आणि त्यानंतर

जर्नल त्या त्या आठवड्यात लिहून सही घ्या. सर्टिफाय झालेलं जर्नल नसेल तर बऱ्याच कॉलेजांत प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत. चॅटबॉटला विचारून सूत्र मिळतं, पण वायवाला ‘इथला डॉलर काढला तर काय होईल?’ असं विचारल्यावर उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं. मिळालेलं सूत्र आधी घरच्या शीटवर चालवून बघा, मोडून बघा.

परीक्षेच्या दिवशी मशीनवर बसल्यावर माउस, कीबोर्ड चालतात का बघा, नसतील तर वेळ सुरू होण्याआधी सांगा. सीट नंबरच्या नावाने फाइल सेव्ह करा, मग प्रश्न वाचा. प्रिंट द्यायची असेल तर आधी प्रिंट प्रीव्ह्यू बघा, एक्सेलचा शेवटचा रकाना दुसऱ्या पानावर जातो. पान आडवं केलं की बहुतेक वेळा काम होतं.

हा पेपर पास झालात म्हणजे एमएस-सीआयटी झाली असं होत नाही. अनेक सरकारी पदांना ते किंवा त्याच्या बरोबरीचं प्रमाणपत्र वेगळं लागतं. लिपिक-टंकलेखकाच्या जागांसाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाचं टंकलेखन प्रमाणपत्रही मागतात, त्याची परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. त्या वाटेने जायचं असेल तर दिवाळीच्या सुट्टीतच टायपिंगची चौकशी करा, आणि अर्ज करण्याआधी जाहिरातीत कुठलं प्रमाणपत्र मागितलंय ते शब्द न शब्द वाचा.